आयुधपूजेत बसलेलं शेत

हे मी देवनागरीत लिहितो आहे, त्याला कारण आहे. आमच्या घरात मराठी सगळेच बोलतात, पण देवनागरी वाचता येते ती एकट्या मला. (विमा कंपनीने मला काही वर्षं सोलापूरला टाकलं होतं. तिथून मी दोन गोष्टी घेऊन आलो, देवनागरी आणि शेंगदाण्याची चटणी. दोन्हींना तंजावरात कोणी विचारत नाही.) तेव्हा इथे खरं बोलायला हरकत नाही.

तर त्या दिवशी मी फक्त एवढंच म्हणालो होतो, "अत्ते, फुंकत नका बसू. मी एक फ्लॅश कार्ट्रिज मागवतो."

अत्ते म्हणजे माझ्या सासूबाई, अंबाअत्ते. पापनाशमच्या तालुका ऑफिसात त्यांनी सगळी नोकरी लोकांची शेतं मोजण्यात घालवली. कोणाचा बांध सरकला, कोणाचा नारळ कोणाच्या हद्दीत वाकला, हे त्या लांबून बघून सांगत. रिटायर झाल्यावर त्या राजवाड्यामागच्या आमच्या घरी राहायला आल्या. त्याच सुमारास त्यांचा मुलगा सुरेंद्र सिंगापूरला गेला आणि जाताना आपलं जुनं गेम कन्सोल विसरून गेला. पुस्तकासारखं मिटणारं, दोन पडद्यांचं. वरच्या फटीत टपालाच्या तिकिटाएवढं कार्ट्रिज खुपसायचं, की गेम सुरू.

कार्ट्रिज एकच होतं, शेतीचं. बी पेरायचं, पाणी घालायचं, गुरं पाळायची, माल बाजारात न्यायचा. अत्तेंनी ते सहज म्हणून उघडलं आणि पुन्हा मिटलंच नाही. पहिलं पीक आलं त्या दिवशी त्यांनी देवापुढे साखर ठेवली. आम्ही हसलो, पण मला आतून फार बरं वाटलं होतं. अर्ध्या तालुक्याचे बांधाचे तंटे मिटवलेल्या बाईच्या नावावर स्वतःचा वीतभर तुकडा नव्हता. आता झाला होता.

गुरांना त्यांनी नात्यातल्या माणसांची नावं दिली होती. त्यामुळे सकाळी कॉफी पिताना आमच्याकडे असे संवाद चालत:

"धनलक्ष्मीनं आज कायच दूध दिलें नाहीं."

"आजारी आहे का, अम्मा?" माझी बायको वाणी विचारी.

"आळशी झाली. दोन दिवस बघतें, नाहीं तर बाजारांत नेतें."

(खरी धनलक्ष्मी म्हणजे अत्तेंची धाकटी बहीण. एकदा ती दारात चपला काढत असताना हे बोलणं चाललं होतं. ती तशीच चपला घालून परत गेली.)

नियम मात्र कडक. दूध न देणारं जनावर ठेवायचं नाही. "शेत म्हणजे धर्मशाळा नव्हे, माप्पिळ्ळे," असं त्या मला सांगत. माप्पिळ्ळे म्हणजे जावई. तो शब्द त्या इतक्या आदराने उच्चारत, की पुढचं वाक्य माझ्यावर नसावं असंच मला वाटे.

पण कार्ट्रिज म्हातारं झालं. कधी लागे, कधी पडदा पांढरा फटक. मग अत्ते त्यात फुंकत, पदराला घासत, मारुतीचं नाव घेत. शेत उघडलं नाही, तर त्या दिवशी रसमला मीठ नसे. आणि आम्ही मागितलंही नाही.

म्हणून मी ते वाक्य बोललो. आता कार्ट्रिज निवडायचं म्हणजे दुकानात जाऊन "एक द्या" म्हणायचं, अशी माझी समजूत. इंटरनेट उघडलं तर चार-पाच स्थळं समोर उभी. अत्ते चष्मा लावून शेजारी बसल्या आणि वधूवरांच्या मेळाव्याला आल्यासारखी चौकशी करू लागल्या.

"हा कोण?"

"हा स्वस्त आहे, अत्ते. पण लोक लिहितात की मधूनच आपण जपून ठेवलेलं विसरतो."

"विसराळू घरांत एक आहेच. पुढचा?"

"हा चांगला आहे, पण म्हणे ठराविक तारखेनंतर आपोआप बंद पडतो."

"सरकारी नोकर काय तो, रिटायर व्हायला? नको. पुढचा?"

"हा फार वेगवान. पण बॅटरी खातो."

"खाणारा नको. हा कोपऱ्यांतला?"

"हा साधा. याच्या पोटात एक छोटं मेमरी कार्ड घालायचं, त्या कार्डात गेम राहतो, शेतही राहतं. वेग बेताचा, पण लोक म्हणतात वर्षानुवर्षं टिकतो."

अत्ते बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिल्या. "शांत दिसतो. हाच पक्का करा," त्या म्हणाल्या. (माझ्या वेळी त्यांनी इतका विचार केला नव्हता, असं वाणी नंतर म्हणाली.)

ऑर्डर दिली, मेमरी कार्ड गावातच विकत घेतलं, त्यावर लागणाऱ्या फाइल्स चढवल्या आणि व्हिडिओ बघून विद्या शिकलो. विद्या सोपी होती. नवं कार्ट्रिज घालून यंत्र चालू करायचं. ते सांगेल तेव्हा नवं उपसून जुनं घालायचं, म्हणजे यंत्र जुन्यातलं शेत वाचून घेतं. मग पुन्हा नवं घालायचं, की शेत त्यात उतरतं. पंगतीतला माणूस उठवून त्याच पानावर दुसरा बसवावा तसं. मी ऑफिसात सगळ्यांना ते समजावून सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.

पार्सल नेमकं आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, सकाळी आलं, आणि तेही राहुकाळात. अत्तेंनी डिलिव्हरीवाल्याला पायरीवर बसवलं, ताक दिलं आणि राहुकाळ संपेपर्यंत पाकीट हातात घेतलं नाही. तोही बिचारा इथलाच. ताक पिऊन "बरोबर आहे, मामी" म्हणाला आणि बसून राहिला.

मी पाकीट फोडून लगेच यंत्राकडे वळलो, तर अत्ते आडव्या आल्या.

"पूजा झाल्याबिगर नव्या आयुधास हात?"

"अत्ते, हे आयुध नाही. खेळणं आहे."

वाणीने कपाळाला हात लावला.

"खेळणें?" अत्ते म्हणाल्या. "शेतकऱ्यास नांगर खेळणें काय?"

झालं. सरस्वतीपुढे पाट मांडला. त्यावर वाणी शाळेत शिकवते ती पुस्तकं, विळी, मिक्सर, माझा कॅल्क्युलेटर, स्कूटरची किल्ली आणि सगळ्यांच्या मध्ये, झेंडूच्या माळेत, ते कन्सोल, जुनं कार्ट्रिज आणि नवं कार्ट्रिज. अत्तेंनी सगळ्याला चंदन-कुंकू लावलं, सुंडलचा, म्हणजे उकडलेल्या हरभऱ्याच्या उसळीचा, नैवेद्य दाखवला आणि जाहीर केलं, "उद्यां विजयादशमीस पुन्हां पूजा होईपर्यंत कोण्ही कशास हात लावायचा नाहीं. उद्यां सकाळीं चांगल्या वेळेस माप्पिळ्ळे आमचें शेत नव्यांत नेतील."

इथे मी गप्प बसायला हवं होतं आणि बसलोही. पण डोक्यात किडा वळवळला. उद्या सकाळी अत्ते चष्मा लावून मानेवर उभ्या राहणार, मी कार्ट्रिज उपसणार आणि नेमकं काहीतरी चुकणार. त्यापेक्षा आजच गुपचूप काम उरकून ठेवलं तर? उद्या नुसतं बटण दाबायचं. शेत हजर. जावई धन्य.

दुपारी दोघी नवरात्रात मांडलेल्या कोलूच्या बाहुल्या बघायला धनलक्ष्मीकडे गेल्या. (जुना राग सुंडल खाऊन मिटवायचा होता.) मी दार लावलं, सरस्वतीची मनात क्षमा मागितली आणि माळेतून कन्सोल अलगद ओढलं.

नवं कार्ट्रिज घातलं. चालू झालं. यंत्र म्हणालं, जुनं घाला. मी जुनं उलटं करून उजेडात धरलं. त्याच्या पाठीला सोनेरी पट्ट्या असतात. सगळी जादू त्या पट्ट्यांत. अत्तेंनी कुंकू वर लावलं होतं, पण चंदन मात्र त्या पट्ट्यांवर, सोनं दिसलं म्हणून, चांगलं थापून लावलं होतं. आणि ते अजून ओलं होतं.

मी पुसलं. चंदन पट्ट्यांच्या खाचांत गेलं. मी टूथब्रशने घासलं. ते आणखी खोल गेलं. मी फुंकलं, तेव्हा थोडं माझ्या डोळ्यात आलं. तसंच घालून बघितलं, तर यंत्र म्हणालं, आत काही नाही.

त्या चिमूटभर तुकड्यात अत्तेंचं सगळं शेत होतं, रोज पहाटे उठून पाणी घातलेलं, आणि मी ते टूथब्रशने बुजवलं होतं. मला खरंच रडू आलं. (काही चंदनामुळे, पण सगळं नाही.)

मग मी ते केलं जे शहाणा माणूस करत नाही. नव्या कार्ट्रिजमध्ये नवं शेत सुरू केलं. त्यात चीट नावाची एक सोय होती. खूण केली, की खजिना भरतो. ज्या बाईने आयुष्यात कोणाचा नारळसुद्धा फुकट घेतला नाही, तिच्या शेतात मी काळा पैसा ओतला आणि सपाटून खरेदी केली. गोठा बांधला, तळं खणलं, गाई आणल्या. नावं आठवतील तशी दिली. धनलक्ष्मी, साईप्रिया, लक्ष्मीप्रिया. एक शेळी घेतली, तिला सुरेंद्र म्हटलं, कारण सिंगापूरहून तो येऊन विरोध करणार नव्हता. शेवटी एक उमदा काळा घोडा राहिला. माझंही नाव शेतात असणारच, इतकी वर्षं मी जावई आहे. पण कोणत्या जनावराला दिलंय हे अत्ते माझ्यासमोर कधी बोलल्या नव्हत्या. विनयामुळे बोलत नसतील असं मनाशी म्हणालो आणि घोड्याला माझं नाव दिलं, हरिप्रसाद.

सगळं पुसून, पुन्हा माळेत ठेवून, कुंकवाचा ठिपका नव्याने लावला. दोघी परत आल्या तेव्हा मी पाटापुढे हात जोडून बसलो होतो. अत्तेंना गहिवरून आलं.

विजयादशमीची पूजा झाली. अत्ते नवी साडी नेसून बसल्या. मी म्हटलं, "अत्ते, शेत कालच नव्यात आणून ठेवलंय. सरप्राईझ!"

त्यांनी कन्सोल उघडलं. बघितलं. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा बघितलं.

"माप्पिळ्ळे, हें शेत कोणाचें?"

"तुमचंच की."

"माझें तळें पूर्वेस."

"नव्या कार्ट्रिजमध्ये थोडं सरकलं असेल."

"तळें सरकतें?" तालुका ऑफिस जागं झालं होतं. "धनलक्ष्मी गाभण होती. ही कोण, वाळलेली?"

"बाळंतीण झाली असेल."

"वासरूं कोठें?"

मी पंख्याकडे बघितलं.

"ही शेळी, सुरेंद्र?" अत्तेंचा आवाज चढला. "माझा मुलगा शेळी?" आणि मग त्या थांबल्या. पडदा डोळ्यांजवळ नेला. "हा घोडा... हरिप्रसाद?"

वाणीच्या तोंडातली कॉफी माझ्या कॅल्क्युलेटरवर उडाली. ती पदराने तोंड दाबून आत पळाली. आतून तिचं हसणं ऐकू येत राहिलं.

मग मी सगळं सांगून टाकलं. ओलं चंदन, टूथब्रश, काळा पैसा, सगळं. "अत्ते, तुमचं शेत मी घालवलं," असं म्हणालो. मला बाजारात नेलं असतं तरी चाललं असतं, इतकी लाज वाटत होती.

अत्तेंनी जुनं कार्ट्रिज उचललं, उजेडात धरलं आणि पाटाच्या कडेवर हलकेच आपटलं. रात्रभरात कडकडीत वाळलेल्या चंदनाचे पापुद्रे गळून पडले. उरलेलं त्यांनी नखाने झाडलं.

"ओलें चंदन घासलें कीं आंत जातें," त्या म्हणाल्या. "वाळलें कीं आपण निघतें. ऑफिसांत रबरी शिक्क्यांस दरसाल लावीत होतें मी. दुसऱ्या दिवशींपर्यंत आयुधास हात लावायचा नाहीं, तें उगीच सांगत नाहींत, माप्पिळ्ळे."

कार्ट्रिज आत गेलं. खट्ट. पडदा उजळला. तळं पूर्वेला होतं, बांधावर नारळ होता, धनलक्ष्मी पोट घेऊन रवंथ करत होती. अत्तेंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही. मी हुश्श करून पुढे वाकलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला ते शेत जवळून बघायला मिळत होतं. सुरेंद्र घोडा होता. आणि गोठ्याच्या पार कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, एक म्हातारी शेळी उभी होती. तिच्या डोक्यावर नाव होतं, हरिप्रसाद.

"ही... दूध किती देते?" मी विचारलं.

"कायच नाहीं," अत्ते म्हणाल्या. "आली तेव्हांपासून नाहीं."

मला भरून आलं. शेत म्हणजे धर्मशाळा नव्हे म्हणणाऱ्या बाईने, प्रत्यक्ष बहिणीला बाजारात न्यायला निघालेल्या बाईने, माझ्या नावाची वांझ शेळी इतकी वर्षं पोसली होती. मी त्यांच्या पायांशी वाकलो आणि म्हणालो, "अत्ते, एवढी माया! तरी मला विकलं नाहीत."

अत्तेंनी शेळीला गवत टाकलं.

"दोनदां बाजारांत नेलें होतें, माप्पिळ्ळे," त्या आदराने म्हणाल्या. "कोण्ही घेईना."