ऋण गुणिले ऋण

आमच्या नेहरू नगरात वाढदिवस कुणाचाही असो, केक कुठे कापायचा हे देवपुजारी सर ठरवतात. शर्टाच्या खिशातून कोनमापक काढतात (इथली हिंदी बोलणारी मुलं त्याला चांदा म्हणतात), माणसं मोजतात आणि सुरीच्या टोकाने केकवर खुणा करतात. मेणबत्त्या वितळून क्रीमवर ओघळतात, पण सरांचा पंचेचाळीसचा कोन सेहेचाळीस होत नाही.

सर मूळ नागपूरचे. सहावी ते आठवीला गणित शिकवण्यात हयात गेली. त्यापुढचं गणित म्हणजे त्यांच्या मते निव्वळ चैन. "माणसाला जगायला शेकडेवारी न् त्रैराशिक पुरतं हो!" आता निवृत्त आहेत, म्हणून विद्यार्थी आम्ही.

मागे मी त्यांच्यासोबत कपड्यांच्या सेलला गेले. पाटी होती, वीस टक्के सूट, वर आणखी वीस टक्के.

"चालीस समझो, चचा," दुकानदार म्हणाला.

झालं! सरांनी अख्खी रांग थोपवली. "सौ में से बीस गए, बचे अस्सी. अस्सी का बीस टका कितना? सोलह! तो हुए छत्तीस."

मागून लोक ओरडायला लागले. दुकानदाराने हात जोडले. "मियाँ, आप चालीस ही ले लो, बस आगे बढ़ो."

"क्यों लूँ? छत्तीस बनता है, छत्तीस ही लूँगा!"

आणि घेतलेच. माझ्या साडीवरसुद्धा.

परवा संध्याकाळी त्यांना साबुदाण्याची खिचडी द्यायला गेले. काकू गेल्यापासून सर एकटेच असतात. दार उघडं होतं. सर फोनवर बंगळूरूच्या नातीशी, सातवीतल्या ओवीशी, व्हिडिओवर बोलत होते.

"ऋण तीन गुणिले ऋण दोन," सर म्हणाले, "ऋण सहाच की!"

मी दारातच थबकले. "अहो सर..." फोनच्या आडून हात हलवून त्यांनी मला गप्प केलं.

"आजोबा! किती वेळा सांगायचं? मायनस इन्टू मायनस प्लस होतं. थांबा, परत समजावते."

तिने समजावलं, अगदी सावकाश. सर शेवटच्या बाकावरच्या पोरासारखे मान डोलवत राहिले. मध्येच एक बावळट शंकाही विचारली.

"तुम्ही आणि चुकलात, सर?" त्यांनी फोन ठेवल्यावर डबा पुढे करत मी विचारलं. सर चष्मा पुसायला लागले.

"बरोबर उत्तर दिलं, की 'ओके, बाय' म्हणते हो."

मग डबा उघडून त्यांनी खिचडीचा वास घेतला.

"उद्या अपूर्णांकांची बेरीज आहे. तीही मला येणार नाही."