अर्ध्या सिगारेटची मैत्री

राजकैदी आणि पहारेकरी यांच्या मैत्रीवर चित्रपट काढायचा तर मुळात दोघांत मैत्री असावी लागते, अशी रोमानियातल्या क्लुज शहरच्या सेवेर बोल्देआ यांची वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत गैरसमजूत होती.

जुन्या राजवटीत एका कवितेपायी त्यांनी सहा वर्षं तुरुंगात काढली होती. दिग्दर्शिका इलिंका घरी आली तेव्हा त्यांनी आलुबुखारची घरची दारू तिच्यापुढे ठेवली.

"पोरी, मित्र म्हणशील तर शेजारच्या कोठडीतला योसिफ. भिंतीवर टकटक करून त्यानं मला फ्रेंच शिकवलं. तिथंच गेला बिचारा. सिनेमात तेवढं त्याचं नाव येऊ दे. ते घेणारं माझ्यामागे कुणी नाही."

कैद्याची कैद्याशी मैत्री सर्वत्र आढळते, सबब ती अनुदानास पात्र नाही, असं चित्रपट मंडळाचं मत पडलं. त्यांच्या कोठडीवरच्या पहारेकऱ्याचं, नेकिताचं काय, अशी विचारणा आली. सेवेरनी लेखी कळवलं की त्यानं एकदा अर्धी सिगारेट दिली आणि ती ओढल्याबद्दल आठ दिवस अंधारकोठडीत डांबलं. अर्जात उत्तरासाठी एकच ओळ होती. ती सिगारेटपाशी संपली आणि मैत्री मंजूर झाली.

पुढे तुरुंगाच्या तपशिलासाठी सल्लागार नेमायचा ठरला. सेवेर अंधारात असल्यानं त्यांनी काही पाहिलेलं असणं शक्य नव्हतं, तेव्हा नेमणूक नेकिताची झाली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, आणि त्याही रीतसर सहीशिक्क्यानिशी.

भिंतीवरची टकटक इलिंकाला फार आवडली होती. ती वाया जाऊ नये म्हणून पटकथेत नेकिताला देण्यात आली. त्याला फ्रेंचचं अक्षरही येत नव्हतं, पण चित्रीकरण संपेपर्यंत आपण ते शिकवल्याचं त्याला स्पष्ट आठवू लागलं.

पहिल्या खेळाला सभागृहात एकही रुमाल कोरडा राहिला नाही. नेकितानं सेवेरना कडकडून मिठी मारली.

"लेका सेवेर, विसरलास होय मला?"

मग सेवेरना मंचावर बोलावलं. त्यांनी बोलायचं ते बोलून टाकलं.

"माझा मित्र योसिफ."

हे नेकिताचं पाळण्यातलं नाव असणार, असं समजून लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. नेकितानं मान लववून त्या स्वीकारल्या. सेवेर रडले. ते आनंदाश्रू असल्याचं दुसऱ्या दिवशी छापून आलं.

योसिफचं आडनाव काय, कुठला, कोणाचा, हे सभागृहात एकानंही विचारलं नाही. त्या लोकांचा तुम्हाला राग आला असेल, तो रास्तच आहे. पण इथवर वाचत आलात, विचारलं तुम्हीही नाहीत.