वामनरावांची जागा

येसूकाकींच्या खानावळीत मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा माझं ताट वाढून तयार होतं. भातातून वाफ निघत होती. मी जेवायला येणार हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. कर्जत स्टेशनवर उतरून दहिवलीच्या रस्त्याला लागेपर्यंत मला स्वतःलाही नव्हतं.

"या वामनराव," चुलीकडची मान न वळवता काकी म्हणाल्या, "भात निवतोय."

मी मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

"मी शंकर. लाकडाच्या वखारीत नवा कारकून आलोय."

"असाल. बसा."

भूक लागली होती, म्हणून बसलो. काकींनी सगळ्यांना ताक वाढलं आणि माझ्यापाशी येऊन तांब्या उचलून घेतला. "तुमाला नाय सोसत, वामनराव. मागल्या येळी रातभर पोट धरून बसला व्हतात."

ताकावर वाढलेला माणूस मी, सातारा बाजूचा. पण पंगतीत बसलेल्या एकानंही मान वर केली नाही. जणू माझ्या पोटाचं दुखणं सगळ्यांना पाठच होतं.

लढाईची वर्षं होती ती. पेट्रोल मिळेनासं झालं होतं आणि मोटारींच्या मागं भट्ट्या बसवून लोक त्या कोळशावर चालवत होते. त्यामुळं कर्जत-खालापूरच्या रानातल्या लाकडी कोळशाला सोन्याचे दिवस आले होते. आमच्या वखारीचे शेठ पहाटेपासून ओरडत असत, पण ओरडायला समोर माणूस टिकत नसे. आमच्या गावी एखादी जागा निघाली की चुलतभाऊ चुलतभावाशी बोलेनासा होई. इथं जागा निघाली की माणूस यायचा, जागा बघायचा आणि पुढच्या गाडीनं मुंबईला जायचा. गिरण्या रात्रंदिवस चालू होत्या, त्यांना माणसं हवीच होती. डोंगरातल्या वाडीची कुटुंबं भट्ट्या लावायला यायची, ती ढग दिसले की आपापल्या शेताकडं वळायची. जवळच्या कडावची पोरं भातलावणी आली की गायब. देशावरचे लोक सुगीला परत. शेठ मला विचारायचे, "अरे, माणसं जातात कुठं?" जणू मी ती खिशात घातली होती.

माझं काम माणसं धरून आणायचं, आणि संध्याकाळी किती उरली ते सांगायचं.

अशा गावात येसूकाकींची खानावळ ही एकच न हलणारी गोष्ट होती. काकी कडावच्या. हाडानं काटक, अंगावर हिरवं लुगडं. त्या माणसाच्या तोंडाकडं कधी बघत नसत, ताटाकडं बघत. आणि त्यांच्या पंगतीत कुणालाही स्वतःचं नाव नव्हतं. माझ्या डाव्या हाताला रेल्वेचा सांधेवाला बसे, त्याला त्या पांडू म्हणत. त्याचं नाव कृष्णा. उजवीकडं घाटाच्या इंजिनावरचा एक गोव्याचा फिटर बसे, गळ्यात क्रूस घातलेला. त्याला त्या विठोबा म्हणत, आणि तो "काय गे काकी" म्हणून ओ देत असे.

"तुम्हाला काही वाटत नाही?" मी त्याला एकदा विचारलं.

"कितें वाटतलें?" तो म्हणाला. "विठोबाक सुकट आवडता म्हणून ती माका दोनदा वाडता. माका पण आवडता."

"पण हा विठोबा कोण?"

"माज्या आदी हांगा बसतालो तो." आणि मग जरा थांबून, भाताचा घास हातातच ठेवून तो म्हणाला, "वामनाचें ताट मात काकी रोज वाडताली. तूं येवचे आदीं. जागा महिनोन् महिने रिती आशिल्ली. ताट रितें नाशिल्लें."

म्हणजे मी यायच्या आधी कित्येक महिने रिकाम्या पाटासमोर रोज भरलेलं ताट होतं.

सांधेवाल्यानं माझी समजूत घातली. रेल्वेत कुणाची बदली झाली की नव्या माणसाला जुन्याचं घोंगडं मिळतं, कंदील मिळतो, शिट्टी मिळते. इथं नावही मिळतं, एवढंच. "आणि मुंबईत गिरणीत जाऊन बघा," तो म्हणाला, "तिथं दुसऱ्याच्या जागी उभं राहणाऱ्या माणसालाच बदली म्हणतात. त्याला कुणी नाव तरी विचारतं का?"

हे ऐकायला बरं होतं. पण हळूहळू निराळंच होऊ लागलं.

काकी मला रोज वामनरावांच्या सवयी सांगत. सांगत म्हणजे, माझ्याच म्हणून बोलून दाखवत. "उंबऱ्याकडं पाठ करून नाय बसत तुमी." "मीठ आधी बाजूला सारता, मंग भात कालवता." "पयला घास घ्यायच्या आधी ताटावर नख वाजवता." मी मुद्दाम उंबऱ्याकडं पाठ करून बसून पाहिलं. मानेवर कुणी तरी श्वास सोडतंय असं वाटू लागलं, आणि अर्ध्या जेवणातून उठून जागा फिरवून घेतली. एका रविवारी शेठांच्या घरी ताक प्यायलो आणि रात्रभर पोट धरून बसलो. पुढं एका दुपारी सांधेवाला माझ्या ताटाकडं टक लावून पाहू लागला, म्हणून मीही पाहिलं. माझं नख ताटावर वाजत होतं.

स्टेशनवर तर कळसच झाला. मी फलाटावर कोळशाच्या गोणी मोजून घेत होतो. पुण्याहून आलेली गाडी उभी होती. कुणी तरी कुणाला तरी मोठमोठ्यानं हाका मारत होतं. असतील कुणाची माणसं, म्हणून मी काम करत राहिलो. तेवढ्यात खांद्यावर जोरात थाप बसली. मुंबईला गिरणीत असणारा माझा चुलतभाऊ तुकाराम समोर उभा.

"बहिरा झालास व्हय रं शंकऱ्या? घसा फाटला माझा!"

मी काही बोलणार, तोच काकींकडं जेवणाऱ्या हमालानं मागून हाक दिली, "वामनराव, ही फाटकी गोण कुठं टाकू?" आणि मी झटकन वळून म्हणालो, "बाजूला ठेव."

परत वळलो तेव्हा तुकाराम दोन पावलं मागं सरकला होता. "कोण वामन?" त्यानं विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत तो डब्यात चढला आणि त्यानं आतून दार लावून घेतलं. आठवड्याभरात गावाहून आईनं अंगाऱ्याची पुडी धाडली. सोबत निरोप: असशील तसा निघ, तुकाराम गिरणीत चिकटवून देतो.

निघायचं मी ठरवलंच. पण त्याआधी एका दुपारी, पंगत उठल्यावर, मी काकींना विचारलं, "काकी, वामनराव मेले का?"

काकी ताटं गोळा करत होत्या. हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "मरतील कशाला?" त्या म्हणाल्या. "हितं उभं हायत की माज्याम्होरं."

त्यानंतर मी अंगारा खिशात ठेवूनच जेवायला जाऊ लागलो.

आणि मग एके दिवशी वामनराव आले.

पंगत नुकतीच बसली होती. दारात एक बुटका, सफाईदार कपड्यातला माणूस उभा राहिला. हातात मुंबईची मिठाई. सांधेवाल्यानं त्याला ओळखलं आणि तो ओरडला, "आरं वामनराव!" मी पाटावरून अर्धवट उठलो.

पाहुणा काकींच्या पाया पडायला वाकला. "काकी, वळखलं नाय? मी वामन. न सांगता गेलो, माफी करा."

काकींनी त्याच्या पायांकडं पाहिलं, मिठाईकडं पाहिलं. "वामनराव तर हे बसलेत," शांतपणे म्हणाल्या. "तुमी कुठल्या जागंवर आलात? मोकळी नाय हितं. पर बसा, कडंला पाट टाकते."

तो कडेला बसला, दोन घास खाल्ले आणि उठला. त्याच्या ताटात ताक मात्र काकींनी भरपूर वाढलं होतं.

मी त्याच्या मागोमाग बाहेर गेलो. रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली तो बिडी पेटवत होता. काडी विझत होती.

"तुम्ही खरे वामनराव ना?" मी विचारलं.

"मी सदाशिव," तो म्हणाला. "पेणकडचा. वामन मी पण नव्हतो. तुमच्याआधी वखारीत कारकून होतो, त्या पाटावर बसायचो, एवढंच."

मी त्याच्या काडीला हाताचा आडोसा धरला.

"मला पण ताक बाधायला लागलं व्हतं," तो म्हणाला. "भ्यालो न् पळालो. गिरणीत माझ्या शेजारच्या मागावर कडावचा एक म्हातारा हाय. तो बोलला तेव्हा समजलं. वामन काकीचा मुलगा. एकुलता. वखारीचा पयला कारकून तोच."

त्यानं सांगितलं ते असं: काकींनी तरुणपणी नवरा गेल्यावर खानावळ घातली ती या मुलासाठी. तो शिकला, वखारीत चिकटला. गावातल्या गावात बसून लिहायची नोकरी. काकींना आभाळ ठेंगणं झालं. आणि वर्षाच्या आत पोरगा म्हणू लागला, मुंबईला जातो. इथली जागा सोडून तिकडं गिरणीच्या दारात बदली म्हणून उभं राहायचं, हे काकींच्या डोक्यातच शिरेना. दोघं बोलेनासे झाले. निघाला त्या दिवशी दुपारी पंगत बसलेली होती. तो वळकटी घेऊन उंबऱ्यात आला आणि म्हणाला, "आये, येतो." काकी वाढत होत्या. त्यांनी ताटावरची नजर उचलली नाही.

"मुंबईत तापानं गेला," सदाशिव म्हणाला. "खोलीतल्या लोकांनीच सगळं केलं. हिकडं कळलं तवा सगळं उरकलं व्हतं. तिनं त्याला ना जाताना पाह्यला, ना गेलेला." बिडी अखेर पेटली. "त्या दिवशी पंगतीला पांडू व्हता, विठोबा व्हता. ती पंगत तिनं अजून उठू दिली नाय."

तो स्टेशनच्या रस्त्याला लागला. मी चिंचेखाली उभा राहिलो. आतून काकींचा आवाज येत होता, "पांडू, भात घे रं."

मला भीती वाटायची थांबली असं मी म्हणणार नाही. उलट आता ती जास्त खोल गेली होती. पण न सांगता पळून जायचा बेत मात्र मी सोडला. तुकारामचा निरोप आला, गिरणीत जागा होती. दुसऱ्या दिवशी भर पंगतीत मी म्हणालो, "काकी, मी मुंबईला चाललोय. उद्या दुपारच्या गाडीनं."

पळी हवेतच थांबली. फिटरनं छातीवर क्रूसाची खूण केली. त्या घरात हे वाक्य मोठ्यानं म्हणायचं धाडस त्या मुलानंतर कुणी केलं नव्हतं. माणसं नुसतीच यायची बंद होत.

पळीतलं वरण काकींनी माझ्या भातावर ओतलं आणि पुढच्या ताटाकडं गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी गाडीत खिडकीशी बसलो होतो. फलाटावर माणसं थोडीच. आणि मला काकी येताना दिसल्या. पंगतीची वेळ होती. या वेळेला चुलीपासून उठलेल्या काकी कर्जतात कुणी पाहिल्या नव्हत्या. हाताला पीठ तसंच होतं. एकेका खिडकीत डोकावत त्या आल्या आणि माझ्यासमोर थांबल्या.

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. नीट, पहिल्यांदाच. कपाळ, नाक, हनुवटी. मी वाट बघत होतो की आता त्यांच्या लक्षात येईल. लक्षात यावं की येऊ नये हे माझं मलाच ठरवता येईना.

"वामन," त्या म्हणाल्या. राव गळून पडला होता. "रागावलास काय रं माज्यावर?"

शेजारचा उतारू आमच्याकडं पाहू लागला. मी म्हणालो, "नाय आये."

"तिकडं पावसात भिजू नको. डोकं पुसत जा."

"व्हय."

गार्डाची शिट्टी झाली. काकींनी पिठाचा हात खिडकीच्या गजावर ठेवला. माझ्याकडून त्यांना काहीतरी हवं होतं. ते काय, हे मला कळलं.

"आये, येतो," मी म्हणालो.

"ये," काकी म्हणाल्या. "ये, बाबा."

गाडी हलली. मी खिडकीतून वाकून बघत राहिलो. काकी हात हलवत नव्हत्या, डोळे पुसत नव्हत्या. फलाटाच्या कडेला ताठ उभ्या राहून, पापणीही न लववता, त्या मला जाताना बघत होत्या.