काल्हेरचं सिमेंटचं शेत

कोणतीही गोष्ट जपायची झाली, तर आधी तिच्यावर सिमेंट ओतावं लागतं. काल्हेरच्या शहाण्या माणसांना हे फार लवकर उमगलं. शेतांवर गोदामं झाली, गोदामांलगत इमारती झाल्या, आणि १९९६ साली उरलेल्या चिंचोळ्या तुकड्यावर ‘आपलं गाव’ हे बालोद्यान उभं राहिलं. मुलांना गाव कळावं, हा उदात्त हेतू. (गाव तेव्हाही तिथंच होतं. पण त्याला फाटक नसल्यामुळे बघायला सुरुवात कुठून करायची, ते कळत नसे.)

जमीन मुळात बाळाराम शेठची. तिथं त्यांचं भात पिकायचं. म्हणून उद्यान समितीचे अध्यक्षही तेच.

उद्यानातली विहीर पाणी नसल्यामुळे अत्यंत सुरक्षित आहे. सिमेंटचे बैल शेण टाकत नाहीत; पाहणीत शंभर टक्के पालकांनी त्यांना खऱ्या बैलांहून सरस ठरवलं. (पालक एकच आला होता.) शेतकऱ्याच्या पुतळ्याला भलामोठा फेटा आहे. काल्हेरात शेतावर फेटा कुणीच बांधत नसे, पण कारागिराकडे शेतकऱ्याचा तेवढाच साचा होता. चूक काल्हेरचीच, असं समितीने एकमताने मानलं. शिवाय हिरवळीचा एक चौकोन आहे. त्यावर पाटी : ‘शेतात उतरू नये. उतरणारास बाहेर काढण्यात येईल.’ हा नियम शेठनी स्वतः सुचवला होता.

एका रविवारी शेठ सफारी घालून पाच वर्षांच्या नातीला, चंद्राला, तिथं घेऊन गेले.

“मी पन शेतकरी हाय गो,” ते सहज म्हणाले.

चंद्राने पुतळ्याकडे बघितलं, मग आजोबांकडे. “खोटं! तुमचा फेटा कुठाय?”

शेठना ते जिव्हारी लागलं. मुलाने चिखलाला नाक मुरडून जमाना झाला होता. आता ही एवढी पोरच उरली होती, आणि तिने आपल्याला खोटं म्हणावं याचं त्यांना फार वाईट वाटलं.

हिरवळीच्या कोपऱ्यात नळ गळून चिखल झाला होता. शेठनी बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते उतरले. हिरवळ उपटून त्यांनी मुठीत धरली आणि मागे सरत सरत लावायला घेतली. “ह्यो भात समज. रोप लावाचा नि मांगं सराचा.” ओळ एकदम सरळ आली. चंद्राही फ्रॉक सावरून चिखलात उतरली आणि आनंदाने किंचाळू लागली.

शिट्टी वाजली. पहारेकरी लडकू धावत आला.

“शेठ, भायेर या! शेतान उतराचा न्हाय.”

“आरं, शेत माजा हाय!”

“व्हता. आनि नियम बी तुमचाच हाय.”

शेठ शिस्तीचे भोक्ते. ते निमूट निघाले. लडकूने अदबीने त्यांचे बूट उचलले आणि फाटकाबाहेर ठेवले. (अध्यक्षांसाठी एवढी खास सोय.)

“माझे आजोबा खरे शेतकरी आहेत!” चंद्रा लडकूवर ओरडली. शेठचे डोळे भरून आले. घरी पोहोचताच सुनेने “शी, कुठली घाण ही!” म्हणत पोरीचे पाय साबणाने धुतले.

पुढच्या सभेत तो धोकादायक कोपरा सिमेंटने बुजवण्याचा ठराव आला. अध्यक्षांनी मान खाली घालून सही केली.

वाचकांना बाळाराम शेठचं हसू येत असेल, तर त्यांनी आधी आपल्या इमारतीचं नाव वाचावं. त्यात ‘बाग’, ‘मळा’, ‘वाडी’ असं जे काही असेल, ते आपल्या मुलाला खाली नेऊन एकदा दाखवावं. तोवर आम्ही थांबतो.