दहाव्या माणसाचे निरीक्षण

क्लीव्हलँडच्या एका उपनगरातल्या सिनेगॉगात, ज्यूंच्या प्रार्थनागृहात, संध्याकाळच्या प्रार्थनेला दहा माणसे जमेनाशी झाली, तेव्हा समाजाने तातडीने उपाय केला. म्हणजे 'ज्यू अभ्यास आणि समाजसेवा नेतृत्व' हा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. देणग्या धो-धो आल्या. रोज प्रार्थनेला येण्यापेक्षा देणगी देणे सोपे, शिवाय भिंतीवर नाव लागते.

डालिया रॉथबर्ग ही तिथली हुशार विद्यार्थिनी. तिच्या प्रबंधाचा विषय होता, 'दहावा माणूस का येत नाही?' डिसेंबरातल्या एका बोचऱ्या संध्याकाळी ती निरीक्षणासाठी मागच्या बाकावर येऊन बसली. पुढे नऊ जण होते.

त्यांत म्हातारे झेलिग क्रॉनफेल्ड होते. त्यांच्या बायकोची आज पहिली पुण्यतिथी. तिच्यासाठी कदिश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणायची होती, आणि दहा जण असल्याशिवाय ती म्हणता येत नाही. सकाळी आठच जण जमले होते. आता सूर्य मावळला की तिथी संपणार होती. दहांत बायकांनाही मोजणारे सिनेगॉग ते. म्हाताऱ्याने मागे वळून पाहिले आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"ये गं पोरी, पुढे ये. झाले दहा."

"मला नका मोजू, काका," डालिया नम्रपणे म्हणाली. "मी निरीक्षक आहे. मी सामील झाले तर निष्कर्ष बिघडेल."

"कसला निष्कर्ष?"

"दहावा माणूस येत नाही, हा."

"अगं, पण तू आलीयस ना?"

हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. डालियाला वाईट वाटले, अगदी मनापासून. परदुःखाशी समरस होण्याचा पेपर ती पहिल्याच वर्षी पास झाली होती. तिने मार्गदर्शक डॉ. ऑस्ट्रो यांना फोन लावला. विद्यार्थिनीने परस्पर निर्णय घेऊ नये असे सांगून ते स्वतः निघाले, आणि अशी संधी पुन्हा कुठली, म्हणून अख्खा वर्ग बरोबर घेऊन आले. मागचे बाक भरले. पुढे कोणी गेले नाही. सगळे नेतृत्व शिकत होते, आणि नेता स्वतःला मोजून घेत नाही, तो इतरांना मोजतो.

एवढी माणसे जमलीच आहेत तर, म्हणून ऑस्ट्रोंनी 'ओसरती उपस्थिती' या विषयावर तिथेच परिसंवाद सुरू केला. कॉफी आली. परिसंवादाला उपस्थिती उत्तम होती.

खिडकीतला उजेड विटत चालला, तसे झेलिग उठून मागे आले.

"साहेब, एकच माणूस द्या हो. दोन मिनिटांचं काम आहे. माझी एस्थर तिकडे वाट बघत असेल."

ऑस्ट्रोंनी त्यांचा हात शास्त्रोक्त पद्धतीने दोन्ही हातांत घेतला. "तुमची व्यथा आम्ही ऐकतोय," ते म्हणाले, आणि सगळ्या वर्गाने ती ऐकली.

अंधार पडला. झेलिगनी प्रार्थनेचे पुस्तक मिटून ओठांना लावले, टोपी सावरली आणि ते बाहेर पडले. डालिया हळहळली. ती हळहळ तिने परिशिष्टात घातली.

प्रबंध विशेष श्रेणीत उत्तीर्ण झाला. निष्कर्ष असा की समाज उदासीन आहे. शिफारस अशी की अभ्यासक्रमाच्या जागा दुप्पट कराव्यात. त्या झाल्याही.

आता तुम्हाला डालियाचा राग आला असेल. साहजिक आहे. तुम्हीही मागच्या बाकावर बसून सगळे शेवटपर्यंत पाहिलेत आणि म्हाताऱ्यासाठी हळहळलात. तुमच्या गल्लीतही आज कोणाचे तरी एका माणसावाचून अडले असेल. तिकडे जायचे नसेल तर प्रवेश अजून सुरू आहेत. पात्रता म्हणून हळहळ पुरते.