भेकरबाईंच्या नावातला र

बालमित्रांनो, मांडी घालून बसा. मोबाइल पालथा ठेवा. मोठी माणसं मागे उभी राहिली तरी चालेल, त्यांना ही गोष्ट कळणार नाही.

एका जंगलात एक डोंगर होता. खरं म्हणजे डोंगरावरच जंगल होतं, पण गोष्टीत जंगल आधी यावं लागतं. डोंगराच्या माथ्यावर औषधालाही झाड नव्हतं, म्हणून सगळे त्याला टकल्या म्हणत.

पाणवठ्यावर एक लाकडी फळी होती. टकल्याचा माथा जो गाठेल, त्याचं नाव सुतारपक्षी त्या फळीवर चोचीने कोरायचा. वर मथळा होता, 'माथा गाठलेले वीर'.

भेकरबाई रोज त्या फळीसमोर पाणी प्यायच्या. भेकर म्हणजे धोका दिसला की कुत्र्यासारखं भुंकणारं लहानसं हरीण. बाई दोनदा टकल्यावर निघाल्या होत्या आणि दोन्ही वेळा आभाळ बिघडलं म्हणून अर्ध्यातून परतल्या होत्या. फळीवर आपलं नाव यावं असं त्यांना फार फार वाटे. मनातल्या मनात त्यांनी जागाही धरून ठेवली होती, ससोबांच्या मावशीच्या खाली, उजवीकडे.

दिवाळी उलटली आणि 'गगनभेदी गिरिभ्रमण मंडळा'ची एका दिवसाची मोहीम ठरली. सकाळी निघायचं, दिवेलागणीला परत. नेते होते सांबरराव. त्यांच्या गळ्यात शिट्टी होती आणि मोबाइल शिंगात अडकवलेला होता, उंचावर रेंज बरी येते म्हणून. त्यांच्यामागे ससोबा, मग साळिंदरभाऊ आणि शेवटी भेकरबाई.

वाटेत ससोबांनी अकरा वेळा सगळ्यांचा फोटो काढला. साळिंदरभाऊंना खेटून उभं राहायला मात्र कुणी तयार होईना.

दुपारच्या सुमारास मंडळी खिंडीत पोहोचली. भेकरबाईंनी नाक वर केलं. वारा फिरला होता. तो गार होता, ओला होता. पायाखाली मुंग्या तोंडात अंडी धरून पळत होत्या.

"सांबरराव, परत फिरू या," बाई म्हणाल्या. "तासाभरात ढग खाली उतरणार. मग वाट दिसायची नाही."

"काहीतरीच काय, बाई! ससोबा, मोबाइलात बघा हो."

ससोबांनी उडी मारून शिंगात पाहिलं. "लख्ख ऊन आहे, साहेब!"

आता गंमत अशी, की रेंज पायथ्यालाच गेली होती. सकाळचं ऊन मोबाइलात तसंच अडकून बसलं होतं. पण एवढं कोण बघतो?

"अर्धा तास राहिलाय हो," सांबरराव म्हणाले. "हे काय, आलंच!"

साळिंदरभाऊ हसले. "भेकरबाई, तुमच्या नावातला र मला कधीपासून ड ऐकू येतोय."

भेकड! सगळे पोट धरून हसले. बाईही हसल्या, पण त्यांना ते फार लागलं.

माथा अर्ध्या तासावर होता. फळीवरची जागा डोळ्यांसमोर दिसत होती. पाय वर जायला बघत होते. पण त्या खिंडीतून दोन वाटा फुटत, एक घराकडे आणि दुसरी थेट कड्याच्या तोंडाशी. ढगात दोन्ही सारख्याच.

"तुम्ही व्हा पुढे," बाई म्हणाल्या. "मी इथे थांबते. वाट धरून कुणीतरी उभं राहायला हवं."

"थांबा की! आमचे डबेही सांभाळा," सांबरराव म्हणाले.

तिघे वर गेले. पाव तासातच ढग खाली आला. समोरची करवंदीची जाळी गेली, मग बाईंना स्वतःचे पुढचे पाय दिसेनात. मग गारा सुरू झाल्या.

बाई भुंकू लागल्या. भॉक! भॉक!

बालमित्रांनो, जंगलात भुंकणं सोपं नसतं. आपला आवाज आपल्या माणसांना पोहोचतो, तसा वाघालाही पोहोचतो. बाईंना हे पुरतं ठाऊक होतं. पाठीवर गारा वाजत होत्या. वरून उत्तर येत नव्हतं. तरी त्या भुंकत राहिल्या. घसा फुटला तरी भुंकत राहिल्या.

बऱ्याच वेळाने ढगातून काटे बाहेर आले. मागून दोन लांब, भिजलेले कान आले. सर्वात शेवटी शिंगं आली, त्यांत उंबराची डहाळी अडकलेली. नेता नेहमी शेवटी उतरतो, असं सांबररावांनी खिंडीत पोहोचल्यावर सांगितलं.

बाई पुढे झाल्या. दिवेलागणीच्या आत सगळे घरी पोहोचले.

गुरुवारी पाणवठ्यावर सत्कार झाला. प्रमुख पाहुणे वाघोबा होते. ते जेवून आले होते, त्यामुळे पुढची रांगही भरली. तिन्ही वीरांना शाल आणि नारळ मिळाला. मग सांबररावांनी भाषण केलं.

"आम्ही जिथे बसलो होतो, तिथून वर काहीही दिसत नव्हतं. आणि ज्याच्या वर काही दिसत नाही, त्यालाच माथा म्हणतात! माथ्यावरच्या त्या उंबराखाली आम्ही तीन तास गारांशी झुंजलो. खालून कुणीतरी सारखं भुंकत होतं, पण आम्ही विचलित झालो नाही."

टाळ्या पडल्या. टकल्यावर उंबर कुठून आला, हे विचारायला भेकरबाईंनी तोंड उघडलं. पण घसा बसला होता. आवाजच फुटला नाही.

साळिंदरभाऊंना मात्र चैन पडेना. त्यांनी हळूच सुतारपक्ष्याला गाठलं. "दादा, भेकरबाईंचंही नाव घाला. त्यांच्यामुळे आम्ही परत आलो." पण गारांनी त्यांना जबर सर्दी झाली होती. नाक चोंदलेलं, दात वाजत होते. सुतारपक्ष्याला जे ऐकू आलं ते त्याने कोरलं.

दुसऱ्या दिवशी बाई पाण्यावर आल्या. ससोबांच्या मावशीच्या खाली, उजवीकडे, सुबक अक्षरांत त्यांचं नाव होतं.

भेकड.

"लाकूड आहे, बाई. खोडता येत नाही," सुतारपक्षी म्हणाला. "पुढच्या खेपेला बघू."

बाई पाणी प्यायल्या आणि गेल्या.

पुढच्या मोहिमेच्या सकाळी सांबरराव आडबाजूने त्यांच्या जाळीपाशी आले. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "बाई, आज वारा कसा आहे हो?"

बाईंचा घसा आता बरा होता.

"मोबाइलात ऊन असेल ना," त्या म्हणाल्या. आणि सांबररावांचा चेहरा पडलेला बघून, नेहमीसारख्याच, त्यांच्यामागे खिंडीपर्यंत चालू लागल्या.

तात्पर्य : शूर व्हायचं असेल तर आभाळाकडे न बघता खुशाल ढगात शिरावं. फक्त खिंडीत एक भेकड उभं करून जावं.