कारंजखेडचं क्रॉसिंग

सावळगाव–धामणखेड या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर आम्ही रात्रभराची सायकल सफर काढली, तेव्हा आमच्यातल्या डॉक्टर मुकुंद देहाडराय यांना पॅसेंजर गाडी म्हणून रुजू करून घेण्यात आलं. त्यांची संमती घेतली नव्हती. मी तिथे होतो, म्हणून सांगतो.

आम्ही तिघंच होतो. देहाडराय अमरावतीचे दातांचे डॉक्टर, त्यांच्या पत्नी सुलभावहिनी आणि वर्तमानपत्रात बातम्या लिहिणारा मी. रूळ केव्हाच उचलून नेलेले. उरली होती खडीची वाट, बाभळीचे काटे आणि इंग्रजांच्या काळातले दगडी पूल. जाड टायरच्या सायकली घेऊन अंधार पडताना निघायचं आणि उजाडताना धामणखेडला चहा प्यायचा, एवढाच बेत.

पहिल्या ओसाड स्टेशनाजवळ एक माणूस हात पुढे करून उभा होता. लांब पल्ल्याच्या सायकलस्पर्धेत स्वयंसेवक असेच वाटेवर उभे असतात. कुणी केळं देतं, कुणी पाण्याची बाटली. चालवणारा थांबत नाही, जाता जाता उचलतो. देहाडरायांना त्याची इतकी सवय की त्यांनी न बघताच हात लांबवला. हाती आली वेताची मोठी कडी. तिला चामड्याची थैली आणि थैलीत लोखंडी गोळा. एकेरी मार्गावर हा गोळा ज्या गाडीकडे असेल तिलाच पुढे जाता येतं. आता तो देहाडरायांच्या खांद्यावर लटकत होता.

पुढच्या स्टेशनावर प्रवासी उभे होते. पेरूच्या टोपल्या घेतलेल्या बायका, एक शेळीवाला, लग्नाहून परतणारं वऱ्हाड. देहाडरायांनी ब्रेक लावताच सगळे चढले. सायकलला साधं कॅरिअर नव्हतं. तरी जागा झाली, वर खिडकीवरून दोन बायकांची जुंपलीही. वहिनींच्या हातून टॉर्च खाली पडला. मी तो उचलून द्यायला वाकलो, तेवढ्यात शिट्टी झाली आणि त्यांचे यजमान सुटले.

वहिनींना घेऊन मी उलटा फिरलो आणि कडी देणाऱ्या माणसाला गाठलं. तो स्टेशनमास्तर होता, गोटमारे नावाचा. कोणत्या अधिकारात हे चाललंय, असं मी त्याला विचारलं, आणि हळू आवाजात विचारलं नाही. तो चिडला नाही. त्याने आम्हा दोघांना बाकावर बसवलं आणि समजावून सांगितलं की न थांबता गोळा घेते ती गाडी. थांबून घेतला असता तर चौकशीला जागा होती. ते दातांचे डॉक्टर आहेत, सकाळी पेशंट येतील, हे मी सांगितलं. त्यावर, दात काढणारी गाडी या मार्गावर पूर्वी नव्हती, पण तशी मनाई कुठे नाही, असं तो म्हणाला. गोळा परत करता येतो का? येतो, पुढच्या स्टेशनावर. तिथे त्याच्या पुढचा मिळतो.

"मग त्यांच्या जागी दुसरा माणूस घ्या," मी म्हणालो.

"ड्रायव्हरले बदली भेटते, साहेब. गाडीले नाही भेटत."

मी हे सगळं छापीन, अशी ताकीद दिली. जरूर छापा, फक्त वेळा बरोबर छापा, लोक ताटकळतात, असं त्याने उलट मलाच बजावलं.

वहिनी बाकावरून पुढे सरकल्या. त्यांनी एकच विचारलं. "ते घरी कधी येतील?"

"घर या लाइनीवर आहे का, ताई?"

"नाही."

गोटमारेने टोपी काढून मांडीवर ठेवली. "मग कसे येतीन?"

वहिनींनी रडारड केली नाही. त्या मार्गाची माहिती विचारू लागल्या. गाडी कुठे जास्त वेळ थांबते? कुठेच नाही, जेमतेम चढण्या-उतरण्यापुरती. बोलण्याइतकीही नाही? नाही, मागून लोक ओरडतात. मग जास्त वेळ कधी थांबेल? समोरून दुसरी गाडी यायची असेल तर. तेव्हा कारंजखेडला क्रॉसिंग पडतं, आणि दुसरी येईपर्यंत पहिलीला हलता येत नाही.

वहिनींनी हेल्मेटचा पट्टा आवळला. मी त्यांना परोपरीने सांगितलं की अजून वरिष्ठ आहेत, कोर्ट आहे, मी आहे.

"तुम्ही लढा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तोवर मी धामणखेडहून निघते."

आणि निघाल्या. उजाडताना आम्ही धामणखेड गाठलं; तिथून उलट दिशेने निघताना मास्तराने कडी पुढे केली, ती त्यांनी वेग कमी न करता घेतली. मी समोर उभा राहून पाहिलं.

मी लढलो. रेल्वेच्या कचेरीत टेबलावर मूठ आपटली. तिथल्या साहेबाने शांतपणे सांगितलं की मार्ग बंद आहे, त्यामुळे त्यावर गाडी नाही, आणि नसलेली गाडी रद्द करता येत नाही. माझ्या बातमीतून संपादकांनी फक्त वेळा छापल्या. त्या मात्र बरोबर छापल्या.

परवा मी सावळगावला देहाडरायांत चढलो. गर्दी होती, पण खिडकी मिळाली. ते बारीक झालेत, पोटऱ्या भरल्यात. कारंजखेडला ते थांबले आणि वळणाकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने वहिनींचा दिवा दिसला. त्या आल्या, शेजारी उभ्या राहिल्या. दोन्हीकडचे प्रवासी चहाला उतरले. वहिनींनी ओढणीने देहाडरायांची मान पुसली. मग त्यांनी वहिनींना तोंड उघडायला लावलं, टॉर्च धरून डाव्या बाजूची दाढ तपासली, आणि त्या बाजूने चावू नको, असं दोनदा सांगितलं. वहिनी तोंड उघडं ठेवूनच काहीतरी बोलत होत्या. ते हसले.

निघायचा सिग्नल केव्हाच पडला होता. मास्तर पाठ फिरवून झेंडा गुंडाळत होता, पुन्हा उलगडत होता.

माझ्या मागे नवा चढलेला एक माणूस कुरकुरायला लागला. ही गाडी काऊन उभी आहे, आम्हाले काही कामंधंदे नाहीत का, असं तो मोठ्याने विचारत होता, आणि आता त्याने खाली वाकून हाक मारायला तोंड उघडलं.

मी त्याचा दंड धरला.

"क्रॉसिंग आहे," मी म्हणालो. "बसा खाली."